नववी कुमारिका

अगं अगं, तो पाट नको उचलूस, असू दे तिथेच दारापाशी — आणि ती परातसुद्धा. तू आपली सोफ्यावर बस, चहा टाकलाय. छे, पूजा कसली आज? नवरात्र सरलं, दसरा झाला, उद्या कोजागिरी — मग काकूंनी पाट कशाला मांडलाय, असंच ना? वाट बघतेय एका माणसाची. छोट्या माणसाची. हे पाणी तिसऱ्यांदा तापवलं बघ, आपलं निवतंच आहे.

माझं अष्टमीचं व्रत ठाऊक आहे ना तुला, रूपाली? नऊ कुमारिकांचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पुरण जेवू घालायचं. लग्न झाल्यापासून एकदाही चुकलं नाही. मिरजेला काय गं, गल्लीत हाक मारली की पंधरा पोरी गोळा. इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये, महिनाभर आधी फोन करावे लागतात. यंदा नऊ जमल्या होत्या, तर ऐन सकाळी लताचा फोन — लेकीची सॉकरची मॅच आहे, कॅन्सल केलं. झाल्या आठ. मी रडकुंडीला आले. तेव्हा आमची वीणा म्हणाली, आई, खाली लाँड्री रूममध्ये एक मुलगी बसलीय, तिला आणू? गेले तर खरंच — आठ-नऊ वर्षांची, ड्रायरला पाठ टेकून बसलेली. मागच्या बिल्डिंगमधली. लाओसची माणसं ती, लढाईतून निसटून, छावणीत राहून इथवर आलेली. मला वाटलं, कपडे वाळायची वाट बघतेय. आता, कपडे दुसऱ्याच कुणाचे होते हे मला कसं कळणार? — नाही, कळायला हवं होतं. तिच्याजवळ पिशवी नव्हती की टोपली नव्हती.

आणली. पाटावर बसवली. पाय हातात घेतले तर बर्फ! म्हटलं, ही देवी थेट हिमालयातून आलीय बहुतेक. हसल्या सगळ्या. मीपण हसले. मग गरम पाणी घातलं — बाकीच्या आठजणी गुदगुल्या होतात म्हणून खिदळत होत्या, हिनं मात्र डोळे मिटून घेतले. मला काय वाटलं सांगू? वाटलं, केवढा हा भाव, खरंच देवी उतरली. केवढं समाधान वाटलं होतं मला त्या दिवशी! निघताना सगळ्यांना म्हणतो तसं तिलाही म्हटलं, कम अगेन हं. आपण म्हणतोच ना, येत जा म्हणून. कोण येतंय?

ती आली. दुसऱ्याच दिवशी. बूट दाराबाहेर काढून नीट जोडीनं ठेवले, पाट होता त्या जागी येऊन बसली आणि पाय पुढे केले. मी म्हटलं, अगं, ते कालच्यापुरतं होतं! पण हे इंग्रजीत कसं सांगायचं? हातात लाडू ठेवला आणि टुमारो म्हटलं. तोंडावर नाही म्हणायची रीत कुठे आहे आपल्यात? तर टुमारोला पुन्हा हजर. मनात म्हटलं, लाडवाला चटावली पोर. आणि अंगाला तो मासळीचा वास, घरात घट बसलेले, माझं सोवळं — मग मी दार उघडेनाशी झाले. पण घट दसऱ्यालाच उठले होते गं. त्यानंतरही नाही उघडलं. त्याला काय म्हणशील? काही म्हणू नकोस. चहा घे.

काल तर धाकट्या भावाला कडेवर घेऊन आली. दाराला ते भिंगाचं भोक असतं ना, त्यातून बघितलं मी. आधी त्याचे बूट काढले, मग स्वतःचे. बेल वाजवली. मी दाराच्या आत, हात कणकेचे, श्वास रोखून उभी. माझ्याच घरात चोरासारखी! बऱ्याच वेळानं तिनं त्याला बूट घातले, आपले घातले, गेली.

रात्री जेवताना वीणा म्हणाली, आई, शी इज जस्ट कोल्ड. दे हॅव नो हीट. लाडू नव्हता हवा गं तिला. ते पाणी हवं होतं, गरम.

आणि खरं सांगायचं तर — मला माहीत होतं. घटस्थापनेच्या आधी आमच्या बिल्डिंगचा, घरं गरम ठेवतो तो, बॉयलर बंद पडला, ह्यांनी मॅनेजरला झापलं, लगेच माणूस आला. मी त्याला चहा दिला. तो म्हणाला, मागच्या बिल्डिंगचाही गेलाय, पण तिकडून कम्प्लेंटच नाही. तेवढं इंग्रजी कळतं मला. कळलं होतं. ह्यांना का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर त्यांनी तिकडचाही फोन केला असता, भला माणूस आहे. आधी विसरले. मग आठवलं तेव्हा... मग दाराचंही सांगावं लागलं असतं ना. देवी म्हणून जिच्या पाया पडले, तिलाच बाहेर उभं केलं, हे कुठल्या तोंडानं सांगू?

आज नाही आली. शाळेची बस कधीच येऊन गेली. नॉय नाव आहे तिचं — वीणाला माहीत होतं, मी विचारलंच नव्हतं.

ऊठ. तो भिंतीवर फोन आहे, मॅनेजरचा नंबर बाजूलाच चिकटवलाय. तुझं इंग्रजी चांगलं आहे. सांग, मागे हीट नाही, लहान मुलं आहेत. कोण बोलतंय विचारलं तर माझं नाव सांग, आडनावासकट, अपार्टमेंटच्या नंबरासकट. कम्प्लेंट माझी. संध्याकाळी ह्यांना मी सांगते सगळं, दारासकट.

मी हे पाणी घेऊन जाते — जाते नाही, येते. दार उघडेल का ती? का उघडावं? नाही उघडलं तर चपला काढून बाहेर नीट जोडीनं ठेवीन आणि उभी राहीन.

सरक बाई, पाणी निवतंय.