सोळा तास, एकच खुर्ची

तास दुसरा

महांतेश : ऊठ की अव्वा. मी आपलं चेष्टेत म्हटलं.

बसम्मा : चेष्टेत न्हाय. "सोळा तास एका खुर्चीत बसून दाखव, उद्या तिकीट काढतो." शब्द तुझे. पहाटे चारला बसलीया, रात्री आठला उठणार.

महांतेश : मुंबई ते अमेरिकेतलं न्यूअर्क, साडेबारा हजार किलोमीटर हाय. तुला गडहिंग्लजपत्तोर एसटीत बसवत न्हाय, गुडघं चोळत जातीस.

बसम्मा : तुझ्या बहिणीला, दानेश्वरीला, पुढच्या महिन्यात पोर व्हणार हाय. ते किलोमीटर मोजत बसणार न्हाय.

महांतेश : आणि हे पोटाला काय बांधलंयस?

बसम्मा : तुझ्या आप्पांचा पट्टा. एसटीतला. माणूस गेल्यावर पहिल्यांदा माझ्या उपयोगाला आला.

तास आठवा

महांतेश : जेवायला तरी आत ये.

बसम्मा : ताट हितंच आण. विमानात जाग्यावर देत्यात. दानेश्वरीनं सांगितलंय.

महांतेश : आणि संडासला?

बसम्मा : विमानात संडास असतोय. दोनदा जाऊन आले. तू गॅरेजात होतास.

महांतेश : तिकडं कुणी इंग्लिशमधून काय इचारलं तर?

बसम्मा : नेसरीला नांदाय आले तवा मराठी तरी कुठं येत होती? संकेश्वर ते नेसरी, पस्तीस किलोमीटर. तेवढ्यात माझी कानडी संपली. तरी जगले की.

तास नववा

महांतेश : पाय बघ, सुजलेत.

बसम्मा : सुजू देत. माझेच हायत.

महांतेश : लई लांब हाय गं.

बसम्मा : लांब हाय! तुमच्या घरातलं हे जुनं उत्तर. दानेश्वरीच्या वेळी दोन दिवस कळा देत होते. माझ्या अव्वाला बोलवा म्हटलं. तुझा आज्जा म्हणाला, लांब हाय. आप्पा म्हणाले, गाडी न्हाय.

महांतेश : नसंल गाडी. त्या काळात…

बसम्मा : म्हांत्या, तुझा बाप त्याच संकेश्वरच्या रूटवर कंडक्टर होता.

तास दहावा

(महांतेश ताट उचलून नेतो आणि मोबाईल घेऊन उंबऱ्यावर येऊन बसतो.)

तास तेरावा

महांतेश : समुद्रावर हाय आता.

बसम्मा : कोण?

महांतेश : विमान. मुंबईतनं पहाटेच सुटलंय, तुझ्यासंगं. मोबाईलवर दिसतंय.

बसम्मा : कवाधरनं बघतोयस?

महांतेश : दुपारधरनं.

बसम्मा : गॅरेज?

महांतेश : बंद केलं.

बसम्मा : बघ की, माझ्यागत एखादी म्हातारी हाय का त्यात?

महांतेश : माणसं दिसत न्हाईत अव्वा. नुसता ठिपका दिसतोय.

बसम्मा : असणार. ठिपक्यात बसली असणार.

तास सोळावा

महांतेश : उतरलं. आठ वाजले. जिंकलीस, ऊठ आता.

बसम्मा : तिकीट?

महांतेश : काढलं. मघाशीच.

बसम्मा : मघाशी म्हंजे? सोळा तास भरायच्या आधी?

महांतेश : तेराव्यात.

बसम्मा : मग तीन तास मला कशाला बसवलंस रं, गाढवा?

महांतेश : सांगितलं असतं तर उठली असतीस?

बसम्मा : न्हाय.

महांतेश : मग! हल जरा, पट्टा सोडतो. बक्कल अडकलंय.

बसम्मा : तोडू नको. नीट काढ आणि बॅगेत घाल.

महांतेश : विमानात त्यांचा असतोय की.

बसम्मा : त्यासाठी न्हाय. दानेश्वरीला दाखवायचाय. तिला सांगायचंय, गाडी होती म्हणून.