लाल, पांढरा आणि रिमरची टोपी

टोपी मी काढली नाही हो. वाऱ्यानं उडवली. पण हे गावाला कोण सांगणार? जो भेटतो तो पाठ थोपटतो... लोहार म्हणतो, ‘वा रिमर, काय वेळेवर टोपी काढलीस’, पाद्रीबाबा म्हणतात, ‘रिमर, पुढच्या रविवारी तुमच्या टोपीवरच बोलणार आहे’, आणि परवा दाढ काढायला गेलो तर तो दाढवाला माझ्या तोंडात सांडशी घालून म्हणतो, ‘असा न्यायाचा माणूस आमच्या खुर्चीत बसला, धन्य झालो.’ सांडशी तोंडात असताना माणूस काय बोलणार? आँ आँ केलं. त्याला वाटलं विनय. आणि तुम्हाला सांगतो, सांडशी नसती तरी मला बोलता आलं नसतं, कारण बोललो तर माझं घर जाईल. तुम्ही लांबचे, म्हणून सांगतोय. ते दार तेवढं लोटून घ्या.

आता शर्यत तुम्ही बघितलीच असेल, नसेल तर ऐका. दोन ग्रेहाउंड, म्हणजे सडपातळ शिकारी कुत्री, एकाच्या गळ्यात लाल पट्टा, एकाच्या गळ्यात पांढरा. रानातनं ससा उठवायचा, त्याला चांगला ऐंशी पावलं पुढे जाऊ द्यायचा, आणि मग दोघांना एकदम सोडायचं. मागनं पंच घोड्यावर. लाल जिंकला तर लाल रुमाल दाखवायचा, पांढरा जिंकला तर पांढरा. आणि दोघं सारखेच ठरले, निकाल नाही, पुन्हा पळवा, असं म्हणायचं असेल तर पंचानं टोपी काढायची. झालं. तीनशे वर्षांमागे कुणा ड्यूकनं हे सगळं लिहून काढलं म्हणे, तेव्हापासून राजे आले, राजे गेले, आमच्या लँकशायरात आगगाडी आली, पण सशामागचा नियम तसाच. त्या ड्यूकच्या गावात वारा सुटत नसावा, नाहीतर टोपीवर कुणी निकाल ठेवतो का?

आणि आणखी एक, हे नीट लक्षात घ्या, कारण सगळा घोळ इथेच आहे. ससा मारला म्हणजे जिंकला असं नाही. ते कसायाचं काम. पुढे कोण निघालं, सशाला कुणी वळायला लावलं, परत कुणी वळवलं, गुण त्याचे. एकानं वळवून वळवून दमवला आणि दुसऱ्याच्या तोंडात नेऊन दिला, तर त्या दुसऱ्याला शून्य. हे पंचाला दिसतं. बांधावरच्यांना दिसतो फक्त मेलेला ससा.

मी पंच कसा झालो? मी शेतकरी माणूस, एफ्रेम रिमर, वीस एकर कोबी आणि सलगम, तीही माझी नाही, थर्स्टन साहेबांची. दर मार्चात जमिनीचा भाडेपट्टा नवा करायचा, साहेब हो म्हणाले तर राहायचं, नाही म्हणाले तर खाटा गाडीत घालायच्या. नेहमीच्या पंचाचा शर्यतीच्या आदल्या दिवशी पाय मोडला. साहेबांनी मला बोलावलं. साहेबांचा आवाज कसा, नाकातनं, ‘रिमर, तुझ्याकडे घोडा आहे ना?’ म्हटलं, साहेब, घोडी आहे, नांगराची. ‘पळते ना?’ म्हटलं, जेवणाच्या वेळेला पळते. ‘मग झालं. तू माझ्याच घरात राहतोस, तेव्हा तुझ्या नि:पक्षपातीपणावर मला संशय घ्यायचं कारणच नाही.’

आता ह्या वाक्याचा अर्थ तुम्ही सांगा. मी रात्रभर लावत बसलो. आमच्या शेजारचा हॉल्सॉल, त्याचा सगळा सलगम सशांनी खाल्ला म्हणून त्यानं एक ससा, एकच, फासात धरला. ससे साहेबांचे. मार्च आला, हॉल्सॉल गेला. पाच पोरं, म्हातारी आई, वर कोंबड्यांची खुराडी, सगळं एका गाडीत. त्याचं घर अजून रिकामं आहे, खिडकीची काच फुटलीय, आणि माझ्या चुलीसमोर बसलं की नेमकं तेच दिसतं. म्हणून म्हणतो, टोपी मी काढली नाही, वाऱ्यानं उडवली.

शेवटच्या शर्यतीत उरले कोण? पांढऱ्या पट्ट्यात साहेबांचा सुलतान. रोज मटण, अंगावर लोकरीची झूल, त्याला चोळायला वेगळा माणूस. मला कोण चोळतंय? आणि लाल पट्ट्यात मॅगी, एनॉक हिंडलची. एनॉक म्हणजे खाणकामगार, आठ तास जमिनीखाली, वर आला की स्वतःच्या ताटातलं मांस मॅगीला आणि स्वतः बटाटा. त्याची अख्खी आळी आली होती बघायला, तीनशे माणसं, आणि सगळ्यांच्या पायात लाकडी बूट, खाली लोखंडी नाल. मागच्या साली पलीकडच्या गावात ह्याच मंडळींनी एका पंचाला पाण्यानं भरलेल्या चरात बुडवून काढला होता. एकदा नाही, तीनदा. दोनदा रागानं आणि एकदा मजा आली म्हणून.

म्हणजे एका बाजूला ते बूट आणि एका बाजूला बग्गीत उभे राहिलेले साहेब, डोळ्याला दुर्बीण. मध्ये मी, माझ्या घोडीवर, डॉलीवर. दोन खिशांत दोन रुमाल, आणि डोक्यावर सासऱ्यांची उंच टोपी, कारण पंचाला टोपी लागते. डॉलीला वाटलं नांगराला चाललोय. ती सरळ रेषेतच चालायला लागली.

ससा उठला. माझाच कोबी खाऊन पोसलेला, मी ओळखला त्याला. कुत्री सोडणाऱ्यानं ऐंशी पावलं जाऊ दिला, सोडली दोघं, आणि तुम्हाला सांगतो, मी भीतीनं अर्धा मेलेला, तरी त्या पोरीचं पळणं बघून भीती विसरलो हो. मॅगी पहिल्यापासून तीन हात पुढे. गेली, सशाला वळवलं. सुलतान आपला सरळ निघून गेला चरापर्यंत. परत मॅगीनं वळवलं. परत. सहा वेळा मोजलं मी, सुलताननं एकदा, तेही ससा दमल्यावर. आणि शेवटी मॅगीनं असा काही कोपऱ्यात घेतला की ससा उलटा फिरला आणि मागनं रमतगमत येणाऱ्या सुलतानच्या तोंडात जाऊन पडला. बग्गीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी दुर्बीण खाली घेतली. हसले.

निकाल काय? लाल. आंधळ्यानंही लाल दिला असता. मी उजव्या खिशात हात घातला, लाल रुमाल बोटात आला, चांगला मुठीत आला, आणि तेवढ्यात डॉलीनं चर ओलांडायला तोंड वळवलं तर समोर साहेब. साहेबांच्या मागे शेत. शेताच्या मागे माझं धुराडं. त्यातनं धूर निघत होता, टॅबिथानं, म्हणजे माझ्या बायकोनं, जेवण टाकलं असणार. आणि शेजारचं धुराडं, हॉल्सॉलचं, थंड. खिशातला हात वर येईना. म्हटलं, एफ्रेम, वर काढ. येईना. लाकडी बूट वाजायला लागले, कुणीतरी ओरडलं, ‘ए टोपीवाल्या, झोपलास का?’ आणि डॉलीनं मारली उडी, आणि...

टोपी. डोक्यावर नव्हती. हातात होती.

वाऱ्यानं उडवली. आणि मी ती वरच्या वर धरली. असंच झालं. असंच झालं असणार. पण लांबनं काय दिसतं? पंच घोड्यावर, टोपी हातात. निकाल नाही, पुन्हा पळवा. पंचाची खूण बघून लोकांना निशाण दाखवणारा जो असतो, त्यानं तसं कळवलंसुद्धा. म्हणाल, मग ओरडून सांगायचं की चूक झाली. नियम आहे हो, एकदा दिलेला निकाल पंचालाही बदलता येत नाही. आणि खरं सांगायचं तर मी ओरडायला गेलोच नाही. मग बग्गीतनं कुणी म्हणालं, ‘कडक माणूस आहे, साहेबांनाही सूट नाही.’ आणि आळीतनं कुणी म्हणालं, ‘भला माणूस आहे, साहेबाला भ्याला नाही.’ मी भ्यालो नाही म्हणे. माझे गुडघे डॉलीच्या पोटावर असे वाजत होते की ती बिचारी सारखी मागे वळून बघत होती.

दहा मिनिटं विश्रांती आणि पुन्हा तीच दोघं. आता मला सांगा, पहिल्या पळात सगळं काम कुणी केलं? मॅगीनं. सुलतान तर फिरायला आला होता. त्याला झूल घातली, चोळला, तो ताजा. मॅगीला एनॉकनं आपला कोट काढून गुंडाळलं होतं आणि स्वतः सदऱ्यावर कुडकुडत तिचे पाय फुंकत बसला होता. पंजे फाटले होते तिचे. मी डॉलीवर बसून ते बघत होतो. माझं काम होतं ते, बघणं.

दुसरा ससा उठला. सुलतान पुढे. वळवला सुलताननं, परत वळवला सुलताननं. मॅगी येत होती मागनं, येत होती, लंगडत, थांबली मात्र नाही. ससा कुंपणातनं निसटून गेला, देव त्याचं भलं करो, तेवढा एकच जण त्या दिवशी सुटला. निकाल पांढरा. खरा पांढरा, शंभर टक्के पांढरा. मी रुमाल काढला आणि अगदी ताठ हात वर केला. ह्या वेळेला हात बरा वर गेला.

साहेबांनी लांबनंच मान हलवली. एवढीशी. ‘मार्चची काळजी करू नकोस, रिमर,’ म्हणाले नंतर. मी वाट बघत होतो बुटांची. म्हटलं आता चर, आता तीन बुड्या. आळीतली माणसं बाजूला झाली आणि मधनं एनॉक आला, मॅगीला दोन्ही हातांत उचलून, कारण तिला चालता येत नव्हतं. मी डॉलीवरच आकसून बसलो.

एनॉक म्हणाला, ‘रिमर, गड्या, खाली उतर, हात दे. पहिल्या वेळी मला वाटलं होतं आपली पोरगी जिंकली. पण मी पडलो बांधावरचा, बापाला आपलं पोर पुढेच दिसतं. तू जवळनं बघितलंस. दुसरा कुणी असता तर त्यानं पहिल्याच फेरीत पांढरा फडकवला असता आणि घरी गेला असता. तू साहेबाच्या घरात राहून तिला दुसरी संधी दिलीस. आमच्यासाठी असं आजवर कुणी केलं नव्हतं.’

आणि सगळ्या आळीनं टोप्या काढल्या. तीनशे टोप्या. मला.

अहो, बुडवलं असतं तर बरं झालं असतं. चराचं पाणी काय, अंगावरनं निथळून जातं. सांगायला तोंड उघडलं, खरंच उघडलं, पण साहेब दहा पावलांवर सिगार पेटवत उभे. म्हटलं, ‘चांगली पळाली पोरगी.’ एवढंच. एनॉक म्हणाला, ‘तू म्हणतोस म्हणजे पळालीच असणार.’ आणि गेला तिला घेऊन, पाच मैल, पायी. मॅगी पुन्हा शर्यतीत उतरली नाही, ते मी विचारायला गेलो नाही, लोकांकडनं कळलं.

घरी आलो. टॅबिथानं रस्सा वाढला, चमचा तोंडापर्यंत जाईना. म्हणाली, ‘अहो, झालंय काय? सगळं गाव तुमचं नाव काढतंय आणि तुम्ही फाशी जाणाऱ्यासारखे बसलात.’ मग सांगितलं तिला. सगळं. लाल रुमाल मुठीत होता ते, आणि टोपी मी काढली नाही, वाऱ्यानं उडवली ते. तिनं हात पुसले, दाराशी गेली, मागच्या परसाकडे बघत उभी राहिली. म्हटलं, काय बघतेस?

‘काही नाही,’ म्हणाली. ‘सकाळी धुऊन चादरी घातल्यात दोरीवर. दिवसभर जागची हलली नाही एक. वारा असता तर वाळल्या नसत्या का हो?’

आत आली, रस्सा पुन्हा गरम करून दिला, आणि त्यावर आजतागायत बोलली नाही. मार्चात भाडेपट्टा नवा झाला. पुढच्या वर्षीही पंच मीच, साहेब आणि आळी, दोघांनी एकमतानं नाव सुचवलं. घर राहिलं हो आमचं. चादरींना मात्र चार दिवस लागले वाळायला.