कावळ्याची टोपली

— साक्ष? मी देऊ साक्ष? बसा मास्तर, आधी पाणी प्या, मंग हसू दोघंही. चामोर्शीहून सायकल ढकलत आले तुमी, अन् कायले, तं म्हणे रविवारी प्रार्थनेत कोलूनं उभं राहावं अन् सांगावं का घरचं धान संपलं तवा देवानं कावळे धाडले. सुकरीनं सांगितलं ना तुमाले? सांगनारच. माही बायको पोटात भूक ठेवते, गोष्ट ठेवत नाई.

खरं आहे, टोपली येते. प्रार्थनेहून घरी आलो का दाराशी मोहफुलाची टोपली — काठोकाठ, वर पळसाचं पान झाकलेलं. सुकरी म्हणते, बायबलात दुष्काळात एलीया संदेष्ट्याले कावळे भाकर आणून देत, तसंच हे. मी म्हणलं, बाई, कावळा चोचीत एक फूल आणन, टोपली कशी आणन — अन् आणली तं पान झाकाले त्याले कोणी शिकवलं? पण म्हणलं ते मनातच. या साली रानडुकरांनी बांधीतलं उभं धान खाल्लं, कोठी झाडून झाली, बाई चुलीपुढं नुसती बसून राहे, प्रार्थना बी सोडली होती तिनं. आता गाते. म्हणून मी गप — मी, ज्यानं मस्करीतून पाटलाले सोडलं नाई, तुमाले तं बिलकुल नाई.

फुलं माह्याच झाडाची आहेत, वळखतो मी. नाल्यापलीकडं बापानं ठेवलेले मोह. आमच्यात रीत आहे — पह्यलं फूल वेचाच्या आधी घराघरानं मूठभर तांदूळ गावदेवीपुढं न्यायचा. ज्याचा तांदूळ नाई, त्याचं झाड नाई. बाप्तिस्मा झाल्यावर मी नेला नाई. नेऊ नको, तुमीच म्हणलं. बरं. पंचांनी विचारलं, याच्या वाट्याचं काय? मले वाटलं, लालसू बोलन. माहा धाकटा भाऊ. अस्वलानं त्याचा पाय फाडला तवा याच खांद्यावर घालून नाला उतरलो होतो त्याले. तो उठला, मास्तर, अन् म्हणला — बापाच्या पोटी मी एकटाच. मले भाऊ नव्हता. नव्हता म्हणला. मेला म्हणला असता तं निदान रडाले जागा राह्यली असती. झाडं सारी त्याच्या पदरात पडली.

योसेफाची गोष्ट नका काढू. ठाऊक आहे — भावांनी खड्ड्यात टाकलं, विकलं, तरी देव संगं होता. होता ना. पण योसेफाकडं मिसर देशाचं कोठार होतं, त्याले माफ कराले काय जाते? माह्या कोठीत उंदीर बी मुक्काम करत नाई.

तं मी म्हणलं, पाहू तं खरं कावळा. मागच्या रविवारी पोटाचं निमित्त काढून घरी राह्यलो, फाटकाले बैलाची घंटी बांधली अन् तणसाच्या ढिगात दडून बसलो. कावळा दचकन, मी हसीन, गावभर सांगीन. घंटी वाजली. कावळा थांबला. लंगडा कावळा — म्हणजे — सोडा. पक्षी लंगडे नसतात का?

असं पाहू नका मास्तर. होय, तोच. डोक्यावर टोपली, अन् दोन्ही हातानं घंटी दाबून उभा. पंचांले कळलं तं त्याची बी झाडं जातीन, म्हणून आमी प्रार्थनेले गेल्यावर येते. मी हसू दाबाले तोंडावर हात ठेवला. हसू आलंच नाई. हाक बी नाई मारली. काऊन मारू? ज्याले भाऊच नव्हता, त्याले हाक कोण मारन?

अन् तुमी म्हणता, चार गावच्या लोकांपुढं सांग.

एक विचारू? तुमीच वाचून दाखवलं होतं, कोणते पक्षी अमंगळ, खाऊ नये. त्याच्यात कावळा आहे. मंग एलीयासाठी देवाले दुसरा पक्षी भेटला नाई? मोर, पारवा, कोणी बी? मी रोज विचारून राह्यलो त्याले, रागानं विचारून राह्यलो. ज्यानं माह्या तोंडचा घास काढला, त्याच्याच हातानं घास धाडते — हे त्याचं इमान आहे का मस्करी? मस्करी असन तं मानलं बाप्पा, माह्याहून वस्ताद आहे तो. इमान असन तं... तं मले काही दिवस रागावू द्या.

सुकरी येऊन राह्यली, पाण्याले गेली होती. तिच्यापुढं कावळेच म्हणा. साक्ष नाई देत मी. पण रविवारी येतो, पुढं बसतो. तुमी गाणी लंबी लंबी घ्या. मी बोंबलून गाईन, बेसूर — नाल्यापलीकडं ऐकू गेलं पाह्यजे, का कोलूच्या घरी कोणी नाई.

निघा आता. फाटक बिनधास्त लोटा, वाजत नाई. घंटीच्या जिभेले चिंधी बांधली मी.