मनाच्या दुकानाचा परवाना

...आणि वर मलाच म्हणतोय, "रुद्राप्पाण्णा, तुमचं डोकं ठिकाणावर हाय काय?" आता बोला! परवाना मागायला गेलेल्या माणसाला असं बोलतंय व्हय कोण? मी काय चोरी करायचं लायसन मागत हुतो? सून एवढी मानसशास्त्र घिऊन एम.ए. झालेली, माणसाला पुढ्यात बसवणार, त्याच्या मनात काय चाललंय ते इचारणार, त्याला वाट दावणार... एवढं जोखमीचं काम, त्याला परवाना नको व्हय, पावणं?

बसा, बसा. गूळ कुठं पळून चाललाय? सुरवातीपास्नं सांगतो. आमचं हे शाहूपुरीतलं दुकान वडलांच्या वेळंचं. गूळ, शेंगदाणे, पेंड. ही मागची भिंत बघितलीसा? मधी बसवेश्वर आणि दोन्ही अंगाला परवाने. फ्रेम करून! शॉप ॲक्टचा, मार्केट कमिटीचा, वजनकाट्याचा... आणि त्यो कोपऱ्यातला वडलांच्या रेडिओचा. रेडिओ भंगारात गेला, वडील कैलासाला गेले, परवाना हाय! खंडेनवमीला लोक हत्यारं पुजत्यात, आम्ही परवाने खाली उतरवतो, पुसतो, विभूती लावतो, झेंडूचं फूल ठेवतो. हसताय काय? कागदावर शिक्का हाय म्हणून तर माणूस उजळ माथ्यानं गादीवर बसतंय.

तर नव्याण्णव साली आमच्या श्रीशैलचं लगीन झालं. सून धारवाडची, विद्याश्री. गुणाची पोरगी. चार महिन्यांत म्हणाली, "मामा, दुकानाशेजारचा गाळा रिकामाच आहे, मी तिथं समुपदेशन केंद्र काढू का?" म्हनलं, काढ की! परवाना आण, फ्रेम करू, भिंतीला लावू, दुसऱ्या दिवशी नारळ फोडू. तर म्हणते कशी, "मामा, ह्याला परवाना नसतोच."

नसतोच?

अहो, च्याच्या गाड्याला परवाना लागतोय, न्हाव्याला लागतोय, टांगेवाल्याला लागतोय, गल्लीतल्या कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला पायजे, न्हायतर गाडीत घालून नेत्यात! आणि माणसाच्या मनात शिरायचं तर दार सताड उघडं? परवाना नको व्हय?

तुम्ही म्हणशीला, म्हातारं उगंच अडून बसलंय. तसं न्हवं. उचगावात त्यो केरबा हाय बघा, सायकलच्या दुकानवाला, त्यानं पंक्चर काढायचं सोडून रातोरात बोर्ड लावला... 'संमोहनतज्ज्ञ'! आमचा हमाल आकाराम त्याच्याकडं गेलता, झोप येत न्हाय म्हणून. केरबानं त्याला डोळं झाकायला लावलं, अंक मोजायला लावलं आणि सांगितलं, "तुझ्या बायकोची सावली जड हाय, तिला माहेरी धाड." ह्या येड्यानं धाडली की! पंधरा दिवसांनी ती माघारी आली, भर बाजारात ह्याच्या कानाखाली काढली, तवा कुठं गड्याला झोप लागली. मी जाऊन केरबाला धरला. म्हनलं, तुझ्याकडं परवाना हाय काय रं? तर दात काढून म्हणतोय, "अण्णा, सायकलच्या दुकानाला पंचायत सारखी परवाना, परवाना करून पिडत हुती. ह्याला कोण इचारतच न्हाय! म्हणून तर हा धंदा काढला!"

आता सांगा, एवढी शिकलेली माझी सून, लोकांनी ह्या केरबाच्या पंगतीला बसवायची? म्हणून मी म्हनलं, परवाना भिंतीला लागल्याबिगर गाळा उघडायचा न्हाय. तर श्रीशैल फिरला. "आप्पा, हिला पुण्यात नोकरी आलीया. गाळा न्हाय दिलासा तर मी पण शिरोलीच्या फौंड्रीतली नोकरी सोडतो आणि पाडव्याला जातो दोघं." झालं! आमच्या मंडळीनं, बसम्मानं, डोळ्याला पदर लावला, "अय्यय्यो, एकुलतं एक पोरगं चाललं, ह्यांच्या त्या फ्रेमांपायी!" आणि खरं सांगू? पोरगं जायला मला तरी कुठं पायजे हुतं? रातच्याला ताट तसंच सारलं. पर बोलतोय कुणाला? उठलो आणि सुनंला घिऊन कचेऱ्या फिराय लागलो.

पयला आरोग्य खात्याचा सायेब. चष्म्यावरनं बघत म्हणाला, "खाटा किती?" म्हनलं, खाटा कशाला सायेब, एक टेबल, दोन खुर्च्या. "मग आमचा कायदा लागू नाही. रुग्ण दाखल करणार असाल तर मनोरुग्णालयाचा परवाना. खाट नाही, कायदा नाही!" म्हंजे माणूस निजून येडा झाला तर सरकार बघणार आणि बसून झाला तर त्याचं त्यानं बघायचं? म्हनलं, सायेब, एक खाट टाकतो की, गादी-तक्क्यासकट! विद्याश्रीनं मला कोपरानं ढोसलं. आणि मग काय झालं... सायेबानं हळूच दार लोटलं, आवाज बारीक केला, "ताई, एक विचारू का? ऑफिसला निघालो की माझ्या छातीत धडधडतं हो..." झालं! मी भाईर शिपायाशेजारी बाकड्यावर, आत सायेब रडतोय. परवाना नको व्हय?

डॉक्टर लोकांच्या संघटनेत गेलो. "त्या डॉक्टर आहेत का? नाहीत? मग आमच्यात येत नाहीत." आणि वाक्य संपायच्या आत, "ताई, जरा बसा, आमचा मुलगा अभ्यासच करत नाही..." कोण म्हणालं, दिल्लीत नोंद हुतीया. तिथं पत्र घातलं. ती नोंद दवाखान्यात उपचार करणाऱ्या क्लिनिकलवाल्यांची, त्यासाठनं आणि वरचं शिक्षण पायजे, ते रांचीला न्हायतर बेंगळूरला. नुसतं समुपदेशन? त्याला सगळं रान मोकळं! ज्याच्या त्याच्या तोंडात एकच... "आमच्यात येत न्हाय." आणि जो त्यो सुनंला धरून बसवून घेतोय!

शेवटाला शॉप ॲक्टचं ऑफिस. तिथला गणपतराव माझा जुना वळखीचा. त्योच म्हणाला की, डोकं ठिकाणावर हाय काय म्हणून. "अण्णा, हितं माल लिवावा लागतोय. माल काय हाय?" म्हनलं, माल न्हाय, ऐकून घेती. "ऐकून घ्यायला दुकान?" आणि खदाखदा हसला. हसला, हसला... आणि हसता हसता खुर्ची पुढं वढली. म्हणाला, "ताई, घरात माझं कोणच ऐकत न्हाय बघा." जेवणाची सुट्टी झाली, संपली, भाईर लाईन लागली, गणपतराव आपला सांगतोय आणि पोरगी एक शब्द न बोलता ऐकतीया. शेवटाला नाक पुसलं आणि म्हणाला, "अण्णा, नवीन नोंद बसत न्हाय. पर तुमचा जुना परवाना हाय न्हवं? त्यात धंदा वाढवून देतो." आणि मारला शिक्का!

ती बघा फ्रेम. वाचा, मोठ्यानं वाचा... 'गूळ, शेंगदाणे, पेंड व समुपदेशन'!

विभूती लावली, पाडव्याला गुढी हुबारली, नारळ फोडला, पोरगं-सून ऱ्हायली, बसम्मानं पुरणपोळ्या वाटल्या. गोष्ट संपली म्हणताय? कुठली! अहो, आपली माणसं वाचत्यात की! फ्रेमवर मालकाचं नाव कुणाचं? माझं! "अण्णा, परवाना तुमच्या नावावर, मग त्या पोरीपाशी कशाला जायचं?" आणि बसत्यात हितं पोत्यावर. किलोभर गुळाच्या मागं एक सासू, अर्ध्या किलोच्या मागं एक भावकी! मी काय सांगणार? हं... हं... बरं मग?... एवढंच म्हणतोय. आणि माणसं हलकी हून जात्यात! परवादिशी केरबा आलता. त्यो पण! म्हणाला, "अण्णा, लोकांचं ऐकून ऐकून मलाच झोप न्हाय."

आणि मला तरी कुठं हाय? सगळ्यांच्या सासवा रातभर माझ्या उशाशी. काल सुनंच्या दारात जाऊन हुबा ऱ्हायलो, म्हनलं, पोरी, माझं पण जरा ऐक की. तर आतनं म्हणती, "मामा, बाहेर बसा हं, आत गणपतराव आहेत."

म्हणून तुम्हाला बसवून घेतलं. ऐकलंसा, लई बरं वाटलं. हा घ्या तुमचा गूळ. पर पावणं, एक इचारू? हे असं दुसऱ्याचं ऐकून घ्यायचा... तुमच्याकडं परवाना हाय न्हवं?

न्हाय? ऱ्हाऊ दे. जावा तसंच. हितं कुणाकडं हाय!