तीन देश आणि औंढ्याची मिसरी

सन्माननीय अध्यक्ष रावसाहेब महिपतराव गराडे, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती डॉक्टर मोघे, आणि वडगाव-तळेगावाहून गाडीची वेळ सांभाळून आलेल्या बंधुभगिनींनो,

आपल्या लोणावळ्याच्या रुग्णालयाचे डॉक्टर मोघे परवा बोटीने युरोपला निघत आहेत. तेथे तीन देशांच्या कर्करोग संस्थांची परिषद आहे, आणि आपले रुग्णालय या मंडळींचे चौथे, लहानसे सभासद आहे. मी येथे प्रयोगशाळेत असते. गाठीचा पातळ काप घेऊन तो रंगवणे आणि काचपट्टीवर बसवणे हे माझे काम. भाषण हे माझे काम नाही. पण माझ्या काचपट्ट्या जितके देश हिंडून आल्या, तितके येथे बसलेले कोणीच हिंडलेले नाही, म्हणून मला बोलावले असावे.

सहकार्य म्हणजे काय, हे मी या पट्ट्यांमुळे शिकले. एकाच गाठीला पहिल्या संस्थेने एक नाव दिले, दुसरीने दुसरे. तिसरीने दोघींना भोजनाचे निमंत्रण दिले. मात्र पुढे एका गोष्टीवर तिघींचे एकमत झाले. ते कसे झाले, हे सांगणे डॉक्टरांच्या गौरवाचाच भाग आहे.

येथून जवळच्या औंढ्याच्या सारजाबाई गालातली गाठ दाखवायला आल्या. तोंडात काय धरता, असे डॉक्टरांनी विचारले. त्या म्हणाल्या, मिसरी. आता डॉक्टरांचे बालपण ग्वाल्हेरचे. तिकडे मिसरी म्हणजे खडीसाखर. येथील स्त्रियांना सांगायला नको, अध्यक्षांसाठी सांगते: आपल्याकडे मिसरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. सकाळी दाताला लावायची म्हणून घेतात, आणि ती दिवसभर गालात राहते. डॉक्टरांनी अहवालात साखर लिहिली. मावळातल्या बायका भात लावतानाही खडीसाखर चघळतात, हे वाचून तिन्ही देशांना आपल्या सुबत्तेचे कौतुक वाटले, आणि गाठ साखरेनेच होते यावर त्यांचे एकमत झाले. एका संस्थेने उंदरांच्या गालांत साखर भरायला सुरुवात केली. उंदीर खुशाल आहेत, असे कळते.

मग तिकडून पुढचे प्रश्न आले. कचेरीत त्यांचे मराठी झाले, तेव्हा त्यात खडीसाखरच होती. मी ते वाचून दाखवले. सारजाबाई म्हणाल्या,

“बाई, खडीसाखर द्येवाफुडं ठेवत्यात. गालात कोन धरतंय? आमच्यात चा सुदिक गुळाचा.”

हे उत्तर जसेच्या तसे गेले. तिकडून निर्णय आला की हा रुग्ण सत्य लपवतो, सबब तिन्ही संस्थांच्या उपचार-योजनेतून वगळावा. गाठीवर लावायचे रेडियम मुंबईला मिळते ते योजनेतल्या रुग्णांनाच. सारजाबाईंची पाळी गेली. आज त्यांचे तोंड दोन बोटे उघडते. रेडियम लवकर मिळाले नाही, तर तेवढेही उघडणार नाही.

शब्दाची चूक मी डॉक्टरांना प्रश्न वाचले त्याच दिवशी सांगितली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, “बाई, मतभेद असते तर दुरुस्ती करता आली असती. आता एकमत झाले आहे.”

एवढ्या दूरदृष्टीचा माणूस आपल्याला लाभला, याबद्दल आपण कोणाचे आभार मानावेत?

निघणाऱ्याच्या हातावर दहीसाखर घालण्याची आपली रीत आहे. आज ती सारजाबाई घालणार आहेत. त्या मागच्या रांगेत, गालाला पदर लावून बसल्या आहेत. त्यांच्याजवळ एक वाटी आहे आणि एक पत्र्याची डबी. वाटीत दहीसाखर आहे. डबीत मिसरी आहे. ती त्यांनी सोडली, आणि उरलेली डॉक्टरांनी परिषदेच्या टेबलावर ठेवावी, अशी त्यांची विनंती आहे. निरोप काल त्यांनी मला पाठ करायला लावला:

“सायबास्नी म्हनावं, चिमूटभर गालात धरा. ग्वाड लागली तर मी खोटी.”

डॉक्टर, वाटी आणि डबी वेगळ्या हातांत घ्याव्यात. डबी बोटीवर विसरू नये. परिषदेत एक शब्द बदलला, तर सारजाबाईंना रेडियमसाठी बोलावणारी मुंबईची तार आम्हाला येथे मिळेल. आम्ही वाट पाहू. सारजाबाई, या पुढे.

आपण सर्वांनी ऐकून घेतले, आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही चूक झाली असेल, तर क्षमा करावी आणि ती आत्ताच, येथेच दाखवावी. तीन देशांचे तिच्यावर एकमत झाले, की मग मला काही करता येणार नाही.