आवाज न करणारा पंखा

केतकी: मामा, नाही बसत हा. झाकण उघडं ठेवलं तरी नाही. शेजारच्या पॉवर सप्लायवर आदळतोय, बघ.

पुरुषोत्तम: थोडा तिरका केला तर?

केतकी: कूलर आहे तो, कपाट नाही. प्रोसेसरवर सपाट टेकला तरच उष्णता ओढून घेणार ना? कॉम्प्युटरच्या एवढ्याशा पेटीत एवढा उंच कूलर... मोजलं कसं होतंस?

पुरुषोत्तम: अलकाच्या शिवणाच्या टेपनं. पेटीची उंची.

केतकी: बाहेरून?

पुरुषोत्तम: ...बाहेरून.

अलका: मला बघायला आले तेव्हाही असंच. बाहेरूनच मापलं होतं.

केतकी: मामी, बोलू नकोस ना. आवाज जप.

अलका: जपून काय करू? उद्या स्वरयंत्रच काढणार आहेत.

पुरुषोत्तम: अलका, असं नको ना बोलू.

अलका: मग कसं बोलू? आजचाच तर दिवस आहे बोलायला.

केतकी: मामा, त्या स्पीच थेरपिस्टनी हा प्रोग्रॅम दिला कधी?

पुरुषोत्तम: दसऱ्याच्या आधी. म्हणाल्या, हिनं त्यातली वाक्यं वाचायची. मग ऑपरेशननंतर ही टाइप करेल आणि कॉम्प्युटर हिच्या आवाजात बोलेल. पण मागे जरा घरघर आली की तो वाक्य नाकारतो. आणि या पेटीचा पंखा तर... तू ऐकलासच.

केतकी: मिक्सर लावल्यासारखा. पण दसऱ्यापासून तू केलंस काय?

पुरुषोत्तम: वाचत होतो. कुठला पंखा शांत, कुठला नाही. एकजण म्हणतो, मोठा पंखा हळू फिरवा. दुसरा म्हणतो, लहान पेटीत पाण्याचं कूलिंगच हवं. तिसरा म्हणतो, पाण्याचा पंप गुणगुणतो, पंखाच नको. प्रत्येकाचं खंडन कुणीतरी केलेलं असायचं, आणि खंडन वाचलं की तेच खरं वाटायचं. जन्म लायब्ररीत गेला गं माझा. कुणी एक पुस्तक मागितलं तर मी तीन काढून द्यायचो.

अलका: आणि म्हणायचे, तिन्ही चुकीची असतील कदाचित.

केतकी: मला फोन करायचा ना, मामा! याच शहरात राहते मी, व्हाइटफील्ड काय परदेशात आहे?

पुरुषोत्तम: तुझं ऑफिस, तुझी धावपळ. वाटलं, एवढं तरी आपल्याला जमावं.

केतकी: बरं. आत्तापर्यंत वाक्यं किती घेतलीत त्यानं?

पुरुषोत्तम: एक.

केतकी: एकच?

अलका: 'आज हवा छान आहे.' उद्यापासून जन्मभर मी एवढंच म्हणणार. कुकर फुटला, आज हवा छान आहे. छातीत दुखतंय, आज हवा छान आहे.

केतकी: मामी, हसवू नकोस, मला रडू येईल. मामा, फोनवर रेकॉर्ड करून यात टाकलं तर?

पुरुषोत्तम: नाही घेत. त्याच्याच माइकमधून बोलावं लागतं, आणि त्याची वायर हातभर. पेटी लांब नेता येत नाही.

केतकी: माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही टाकू देत नाहीत. थेरपिस्ट?

पुरुषोत्तम: रविवार आहे. फोन बंद.

केतकी: आणि हॉस्पिटलला संध्याकाळीच दाखल व्हायचंय. एस. पी. रोडच्या कॉम्प्युटर-बाजारात जाऊन बुटका कूलर आणते म्हटलं, तर ट्रॅफिकमध्येच संध्याकाळ होईल. थांब, जुनाच परत लावते... अरे! हे काय आहे आत? तांदूळ?

अलका: अक्षता.

केतकी: झेंडूच्या पाकळ्या. आणि कुंकू! पट्ट्यांमधल्या सगळ्या फटी बुजल्यात. मामी!

अलका: आयुधपूजेला सगळ्यांनाच वाहते मी. स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन. याला का वगळायचं? वर जाळी होती, मला वाटलं खाली काही नसेल.

केतकी: दर वर्षी?

अलका: घेतल्यापासून. अय्यो, म्हणजे माझी पूजाच गळ्याशी आली.

केतकी: वाराच जात नव्हता आत, म्हणून तो पंखा जीव तोडून फिरत होता. मामा, तू एकदाही उघडून पाहिलं नाहीस?

पुरुषोत्तम: उघडलं आणि परत लागलं नाही तर, असं वाटायचं.

केतकी: एखादा मऊ ब्रश आहे? कोरडा?

पुरुषोत्तम: दाढीचा चालेल? ओला असेल स्वल्प. नाही, सुकला असेल. पाहतो.

(केतकी दाढीच्या ब्रशनं कूलर झाडून, पुसून परत बसवते. पेटी सुरू होते.)

केतकी: बराच शांत झाला. मामी, वाच.

अलका: 'माझे नाव अलका आहे.'

केतकी: ...नाकारलं. मागे अजून घरघर येतेय म्हणतो.

पुरुषोत्तम: मग संपलं. माझ्यामुळे. एवढे दिवस हातात होते आणि मी वाचत बसलो. तुझा आवाज मी—

अलका: थांबा हो. केतकी, पंखा बंदच ठेवता येतो?

केतकी: येतो. पण मग तो तापेल, आणि फार तापला की आपोआप बंद पडेल.

अलका: लगेच?

केतकी: आता साफ झालाय. काही मिनिटं तग धरेल.

अलका: मीही तेवढीच धरते, मग घसा बसतो. तो तापला की मी थांबेन. त्याला वारा दे, मला कोमट पाणी. मग पुन्हा.

पुरुषोत्तम: पण जळलं तर? मी एके ठिकाणी वाचलं होतं की—

अलका: आज वाचायचं मी. तुम्ही बसा.

केतकी: सरी, चालेल मामी, तू म्हणशील तसं. छताचा पंखाही बंद करते. हं, बोल.

अलका: 'माझे नाव अलका आहे.'

केतकी: घेतलं! मामा, घेतलं त्यानं!

अलका: 'मला पाणी हवे आहे.'

केतकी: घेतलं.

अलका: 'कृपया डॉक्टरांना बोलवा.'

केतकी: घेतलं. पुढचं?

अलका: ही काय वाक्यं आहेत गं? अशी मी कधी बोलले? माझी घालता येतात का?

केतकी: येतात. सांग, मी टाइप करते.

अलका: 'अहो, चष्मा डोक्यावर आहे.'

केतकी: घेतलं.

अलका: 'अहो, पुस्तक ठेवा, पान वाढलंय.'

केतकी: घेतलं. मामी, तापत चाललाय हं. अजून एखादं, मग थांबू.

अलका: 'अहो, तुमचं काही चुकलं नाही.'

केतकी: ...नाकारलं. पण का? दोन्ही पंखे बंद आहेत. खिडकीही लावलेली आहे. आवाज कसला येतोय... मामा?

पुरुषोत्तम: मी... मी बाहेर जाऊन बसतो.

अलका: कुठे नाही जायचं. केतकी, नाकारलेलं पुसलं जातं का?

केतकी: नाही, बाजूला साठतं. नंतर पुसायचं. पण यात मामाचं रडणं आलंय, मामी.

अलका: असू दे. ते पुसू नको. लाव त्याचा पंखा... अहो, पाणी द्या ना स्वल्प.