खांद्यावरचा हात

पोलिसांच्या वार्षिक वैद्यकीय तपासणीत ती नंबर लावून बसली होती. पडद्यापलीकडे तिच्याच गाडीवरचा जोडीदार बोलत होता.

“झोप वगैरे ठीक आहे, डॉक्टर. पण मंगळवारी ऐन वेळी पायच उचलेना.”

“कुठे?”

“एकजण चाकू घेऊन घरात बसला होता, त्याच्या दारात. शिरताना मागचा पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतो. म्हणजे, मी आहे, चल.”

“मग?”

“हात ठेवला. ती शिरली. मी उंबऱ्यातच.”

“किती वेळ?”

“तिनं त्याला पाडेपर्यंत.”

“तिला माहीत आहे?”

“छे हो! तिला वाटतं, मी मागेच होतो. सांगितलं तर परत येईल का माझ्याबरोबर?”

“आणि नाही सांगितलंत तर?”

वायरलेस खरखरला; त्यांच्या गाडीला बोलावणं आलं होतं. पडदा सरकवून तो बाहेर आला आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“चल.”